टाकीवरची फळी

१७ एप्रिल २००५

जयभीम.

पोचले. चेन्नईहून पुढचं विमान लहान होतं. मंचरहून एस्टीनं शिवाजीनगरला जायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा लवकर समुद्र ओलांडला. कोलंबोहून मग दिवसभर बस. उजव्या हाताला सगळा वेळ पाणी आणि डाव्या हाताला जोती. घरं नाहीत, नुसती जोती. कुठे एखादी पायरी राहिलीय, कुठे फरशीत बसवलेलं संडासाचं भांडं. मी बघत होते आणि मला काही वाटत नव्हतं. पुण्यात सरांनी विचारलं होतं, लाटेनं नेलेल्या गावात जायचंय, तुम्हाला झेपेल का? झेपतंय.

आम्ही पाच जण आहोत. संस्थेचे सर, पुण्यातल्या कॉलेजची दोन मुलं, मी आणि जुन्नरचे अकबरभाई सेंट्रिंगवाले. त्यांनी तुम्हाला सलाम सांगितलाय. गाव मातर शहराच्या पुढे आहे. जुनं होतं तिथून थोडं आत सरकवून नव्यानं वसवायचं चाललंय. चाळीसेक घरं आणि मधे एक सभागृह. सभागृहाला वर सपाट स्लॅब आणि बाहेरून जिना, म्हणजे पुन्हा पाणी आलं तर माणसांना चढता येईल. आखणी आणि मोजमापं माझ्याकडे दिलीत. आयटीआयला शिकलेलं ड्रॉइंग इतक्या वर्षांनी कामाला येतंय. आम्हाला कुणालाच मजुरी नाही. गावातली माणसंही आपापल्या घरावर राबतात. राहायला विहाराच्या मागच्या खोल्या दिल्यात. उकडतं फार. भात तिन्ही वेळेला.

मंचरच्या स्टँडवर तुम्ही विचारलंत, "स्लॅबचं काय करू?" मी तेव्हा पिशवी वरच्या फळीवर ठेवत होते. ऐकू आलं नाही असं तुम्हाला वाटलं असेल. ऐकू आलं होतं.

साक्षी गेली त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. आपल्या समाजमंदिराचे खांब तेव्हापासून तसेच उभे आहेत, वर गज निघालेले. पावसाळ्यात ते गंजले. ज्योत्स्ना म्हणेपर्यंत मी त्या कामाला हात लावणार नाही, असं तुम्ही तुमच्या आईला सांगितलंत. आत्यांनी ते मला चुलीपाशी बसून सांगितलं होतं. मी पिठाचा हात धुतला आणि उठले.

इथे तीन महिने आहे.

ज्योत्स्ना


९ मे २००५

जयभीम.

पत्र मिळालं असेल असं धरून लिहिते. पोस्ट इथून लांब आहे.

कामाचं कळवते. वाळू नदीची आणावी लागते, लांबून. समुद्राची वाळू दारात पडलीय पण ती खारट, गज खाते. पहिल्या आठवड्यात गावातल्या काही जणांनी तीच कालवली होती. ती भिंत उतरवायला लावली. मिस्त्रीला इथे बास म्हणतात. आमचे मुख्य बास सिरिसेना नावाचे आहेत, पन्नाशीचे, पोट सुटलेले, सारखे हसतात. त्यांना थोडं इंग्रजी येतं, थोडं मला येतं, आणि दोघांच्या मधे जिथे भाषा संपते तिथे ते हिंदी सिनेमातलं गाणं म्हणतात.

कामावर पाण्याची टाकी आहे. जमिनीत खोदलेली, आतून गिलावा केलेली. आपल्याकडे असते तशीच. मी आले त्या दिवशी ती उघडी होती.

त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही. सेंट्रिंगच्या फळ्या मागून घेतल्या, खालून पट्ट्या मारल्या, कडेच्या फळीला भोक पाडून दोरी ओवली, उचलायला. अकबरभाईंनी खिळे आणून दिले. ते काही विचारणार नव्हते. आपल्या स्लॅबचं सेंट्रिंग त्यांनीच बांधलं होतं आणि नंतर त्यांनीच सोडलं.

सिरिसेना बास कमरेवर हात ठेवून बघत होते. म्हणाले, "अक्का, आत मगर पाळलीय का?"

मी म्हटलं, "हो."

"मग कुलूप पण घाला."

"कुलूप मिळालं तर आणा."

सगळे हसले. इथे मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, आपल्यासारखंच. त्या दिवसापासून मी टँकी अक्का झाले. पोरं लांबून ओरडतात, टँकी अक्का, टँकी अक्का, आणि पळतात.

पाणी घेतलं की झाकण परत गेलं पाहिजे, असा नियम केलाय. मागच्या सोमवारी एक जण विसरला, तर मी माल कालवणं थांबवलं. अर्धा दिवस काम बंद राहिलं. सरांनी बाजूला घेऊन सांगितलं, "ज्योत्स्ना, जरा सबुरीनं. ही माणसं आपल्यासाठी नाही, त्यांच्या घरासाठी काम करतायत." मी म्हटलं, सर, झाकण ठेवा म्हणजे सबुरी ठेवीन. त्यांना माहीत आहे. इथे सर आणि अकबरभाई या दोघांनाच माहीत आहे.

झोप लागते. जेवण जातं. आत्यांना सांगा, काळजी करू नका.

ज्योत्स्ना


२५ मे २००५

जयभीम.

परवा बुद्धपौर्णिमा झाली. इथे वेसाक म्हणतात. घराघरावर कागदी कंदील, ज्यांचं घर अजून ताडपत्रीचं आहे त्यांनीही बांबूला लावलेले. रस्त्यावर मांडव घालून येणाऱ्याजाणाऱ्याला जेवायला वाढतात. आम्हाला पण हाताला धरून बसवलं. विहारातल्या भन्तेंनी विचारलं, तुम्ही भारतातल्या बौद्ध कशा? मी छप्पन सालाचं सांगितलं. माझे आजोबा नागपूरला गेले होते हेही सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि मग विचारलं, आईवडील आहेत का, मुलंबाळं किती. मी भाताकडे बघितलं. अकबरभाई मधेच म्हणाले, "भन्तेजी, ये मछली बहुत अच्छा है," आणि ती मासळी त्यांना अजिबात आवडलेली नव्हती.

त्याच आठवड्यात तिकडे साक्षीच्या वर्षाचं पुण्यानुमोदन झालं असेल. तुम्ही एकटे बसला असाल. मी असायला पाहिजे होते असं वस्तीत बोलले असतील, आणि बरोबरच बोलले.

फोन केला होता, तेव्हा तुम्ही "बोल" म्हणालात. मी "अहो" म्हटलं आणि पुढचं आलं नाही. बूथवाल्याचं मीटर चालू होतं. म्हणून पत्रच बरं.

पत्राच्या वर मी काही लिहीत नाही, ते तुमच्या लक्षात आलं असेल. लग्नानंतर मी तुम्हाला नुसतं "अहो" म्हणायचे. मुलगी झाल्यापासून साक्षीचे पप्पा. आपल्याकडे सगळ्याच बायकांचं तसं आहे. सयाजीची मम्मी, रूपालीचे पप्पा. नाव कुणी घेत नाही. मंचरच्या बाजारात गर्दीत तुम्ही पुढे निघून गेलात की मी तीच हाक मारायची आणि तुम्ही वळायचात. तुमच्या आधी ती वळायची.

आता काय म्हणायचं हे कुणी मला सांगितलेलं नाही. आत्यांना विचारावं असं एकदा वाटलं होतं. म्हणून ती जागा कोरी आहे. रागानं कोरी ठेवलीय असं समजू नका. राग आहे, पण तो त्या जागेत नाही.

ज्योत्स्ना


३० जून २००५

जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. अक्षर ओळखीचं वाटायला वेळ लागला. तुम्ही कधी मला पत्र लिहिलंच नव्हतं.

आधी माझं. तीन महिने संपत आलेत. सरांनी विचारलं, सभागृहाचा स्लॅब होईपर्यंत कोण थांबेल? मी हात वर केला. अकबरभाईंनी माझ्याकडे बघून वर केला. कॉलेजची मुलं परत गेली, त्यांच्या जागी दुसरी येतील. घरी न विचारता ठरवलं, तर हे तुम्हाला सांगणं म्हणून समजा.

आता तुमच्या पत्राचं. तुम्ही लिहिलंत की कुशाबा आणि वस्तीतली माणसं म्हणतात, समाजमंदिराला साक्षीचं नाव देऊ, दारावर दगडी पाटी लावू, मग तरी ज्योत्स्नाबाई हो म्हणतील. आणि खाली तुम्ही पुन्हा विचारलंत, टाकू का स्लॅब?

पाटी नको.

कुशाबा वयानं मोठे आहेत, त्यांना वाईट वाटेल असं बोलू नका. माझं नाव सांगा. पाच वर्षांच्या पोरीचं नाव दगडात कोरलं की माणसं चपला काढून, पाया पडून आत जातील, आणि चार वर्षांनी ती कशानं गेली हे कुणाला माहीत राहणार नाही. सगळे म्हणतील, बिचारी, आयुष्य तेवढंच होतं.

आयुष्य तेवढंच नव्हतं. टाकीवरची फळी बीमला होती. दुसऱ्या दिवशी स्लॅब, मिक्सर मंचरहून त्याच दिवशी मिळणार, आणि बीमच्या बाजूला एक फळी कमी पडली. तुम्ही टाकीवरची काढून दिलीत. मग सगळे चहाला गेले, टाकी उघडीच. हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आपण दोघं त्यावर एक शब्द कधी बोललो नाही. दवाखान्यात नाही, मातीच्या वेळी नाही, नंतर नाही. तुम्ही बोलायची वाट बघत होतात की काय, ते मला माहीत नाही. मी बघत होते.

पाटीवर हे लिहिता येणार असेल तर लावा.

इथे पाऊस आहे. सभागृहाचे खांब झाले. ओळंब्यात बरोबर आहेत.

ज्योत्स्ना


१४ ऑगस्ट २००५

जयभीम.

तुमचं उत्तर आलं नाही. मी उत्तर येण्यासारखं लिहिलंही नव्हतं.

घरं बरीचशी उभी राहिली. अकबरभाईंचे भाकरीवाचून हाल चाललेत. काल तांदळाचं पीठ मळून तव्यावर थापत बसले होते. फुटलं. म्हणाले, "वयनी, हितलं पानी लई गोड, पीठ धरतच न्हाई बगा. आमच्या जुन्नरात डोळं झाकून थापली तरी फुगती." त्यांच्या हिशोबानं इथे सगळंच जुन्नरपेक्षा कमी. डोंगर कमी, गार वारा कमी, कांदा तर कांदाच नाही. मी म्हटलं, मग जा की परत. तर म्हणाले, "तुमी चला, जातो."

चहा आणून देणारी एक बाई आहे, कुसुमावती. माझ्याच वयाची असेल. तिच्या घराचं जोतं मीच आखलं. भिंती झाल्या, चौकट बसली, आणि ती आत जाईना. बास तिला ओरडले, नवरा ओरडला. ती नुसती उभी. मग मला हाताला धरून चौकटीत नेऊन उभं केलं. समोर समुद्र दिसत होता. मी सगळ्यांची दारं वाऱ्याच्या तोंडाला काढली होती, हवा यावी म्हणून. ड्रॉइंगमधे ते चांगलं दिसत होतं.

चौकट काढून मागच्या बाजूला बसवली. बास दोन दिवस माझ्याशी गाणं सुद्धा म्हणाले नाहीत. मग अजून सात-आठ घरांतल्या बायका आल्या, आणि त्यांचीही फिरवली.

चौकट फिरवली त्या दिवशी कुसुमावतीनं मला विचारलं, मुलं? बोटं दाखवून. मी एक बोट दाखवलं. तिनं दोन दाखवली, आणि मग त्यातलं एक मिटलं. मी माझं बोट मिटलं नाही. का नाही मिटलं, माहीत नाही. तिला वाटलं असेल माझी मुलगी घरी आहे. ती म्हणाली, नाव? मी सांगितलं. तिनं दोन-तीनदा म्हणून बघितलं, साक्सी, साक्सी, आणि कप घेऊन गेली.

किल्लारीची आठवण झाली. भूकंपानंतरच्या शिबिरात मी पहिल्यांदा तुम्हाला बघितलं, तेव्हा तुम्ही शाळेच्या नव्या स्लॅबवर एकटेच नळी घेऊन उभे होता. आम्ही आयटीआयच्या मुली हसत होतो, स्लॅब झाला तरी हा माणूस पाणी कशाला मारतोय? तुम्ही वरून म्हणालात, "टाकून झाला म्हंजी झाला व्हय? आत्ता कुठं जन्माला आलाय. पाजायला नको?" मुलींनी तुम्हाला महिनाभर स्लॅबची आई म्हणून चिडवलं. मग मी तुमच्याशीच लग्न केलं.

हे लिहायचं ठरवलं नव्हतं.

ज्योत्स्ना


१६ सप्टेंबर २००५

जयभीम.

स्लॅब झाला. कसा झाला ते लिहिते. मधे थांबले तर पुढे लिहिणार नाही, म्हणून एका बैठकीत लिहिते.

इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची बौद्ध, पण ज्योतिष्याला विचारल्याशिवाय फावडं उचलत नाहीत. नेकत म्हणतात, म्हणजे मुहूर्तच. आपल्या वस्तीनं छप्पन साली देवांबरोबर मुहूर्तही सोडले. आपल्या लग्नाची तारीख तुमच्या मामांच्या रजेवर ठरली होती. मी बासना म्हटलं, कॉंक्रीटला घड्याळ कळत नाही. ते म्हणाले, "अक्का, कॉंक्रीटला नाही कळत, गावाला कळतं. वेळ चुकली आणि उद्या पुन्हा पाणी आलं, तर ह्या स्लॅबवर कोणी चढणार नाही." सकाळी सातच्या सुमाराचा मुहूर्त निघाला. पहिलं घमेलं त्या मिनिटाला पडलं पाहिजे.

सगळं गाव आलं. पोरं, बायका, म्हातारे, भन्ते. जिन्यावरून घमेल्यांची रांग लागली. मिक्सर सुरू झाला. अकबरभाई खाली टेकू ठोकत फिरत होते. आणि कडेच्या बीमची एक फळी मधोमध फाटलेली निघाली. रात्रीच्या पावसानं फुगली होती. बास घड्याळ बघायला लागले. भन्ते उभे राहिले. सगळे माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, "फळी आणा. कुठूनही आणा. लवकर."

दोन जण पळाले, घेऊन आले, ठोकली. मी पाणसळ लावून बघितली. ठीक होती. पहिलं घमेलं वेळेवर पडलं. फटाके लावले, ढोल वाजवले.

काम जोरात चाललं होतं. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, अकबरभाई कुठे दिसत नाहीत. स्लॅब पडत असताना सेंट्रिंगवाल्यानं खाली पाहिजे. एखादा टेकू सरकला तर सगळंच खाली. मी जिन्यावरूनच बघितलं, तर हा माणूस टाकीच्या कडेला बसलेला. मला राग आला. खाली उतरले.

"अकबरभाई, वर माणसं मरायला लागलीत आणि तुम्ही इथे बसलाय?"

"बसतो जरा, वयनी. कंबर धरलीय."

"कंबर धरलीय तर सावलीत बसा की. उन्हात काय बसलाय?"

"हितंच बरं हाय. टेकू बासच्या मानसाला सांगितल्यात. बगतोय त्यो."

एवढ्यात चार-पाच पोरं पळत आली, एकमेकांना शिवत. अकबरभाईंनी हात आडवा केला. "ए, ए, पलीकडं. तिकडं खेळा." पोरांना मराठी कुठलं? ती त्यांचीच नक्कल करायला लागली, ए, ए, पलीकडं. ते हसले नाहीत. दोन्ही पाय लांब करून त्यांनी पलीकडच्या कडेला टेकवले होते. आडवे. आणि त्यांच्या पायांखाली पाणी होतं.

झाकणातली एक फळी नव्हती.

मी वर गेले नाही. तिथूनच बीमकडे बघितलं. नव्या फळीला टोकाशी भोक होतं, मीच दोरीसाठी पाडलेलं. सिमेंटचं पाणी गळू नये म्हणून त्यात पिशवीचा कागद कोंबला होता. मी पाणसळ लावली होती त्या जागेपासून वीतभर.

मी म्हटलं, "केव्हापासून बसलाय?"

"फळी ठोकली तवापासनं. खालनं वळखली मी."

"मला सांगायचं की."

"सांगून काय करनार व्हता? स्लॅब थांबवनार व्हता? म्हनलं, पायच हायेत, ठिवतो आडवं."

मी बसले. त्यांच्या बाजूला, कडेवर. पाणी गळ्याइतकं असेल. वरून आवाज येत होते, घमेलं, घमेलं. कुणीतरी टँकी अक्का कुठे म्हणून ओरडलं.

मग तेच बोलले. "तवा बी फळी म्याच मागितली व्हती. तुमाला ठावं असंल."

मी नाही म्हटलं.

"रुपेशभाऊंनी न्हाई सांगितलं?"

"नाही."

"म्या म्हनलं, भाऊ, एक कमी हाय, बीम फुगंल. त्यांनी टाकीवरची दिली. म्हनले, चहा झाला की दुसरी बगून टाकतो वर. च्या घेऊन येस्तवर..." पोरं पुन्हा आली होती. त्यांनी पुन्हा हात आडवा केला.

आम्ही स्लॅब पुरा होईपर्यंत तिथेच बसलो. काही झालं नाही. दुपारी दुधात शिजवलेला भात केळीच्या पानावर वाटला. कुसुमावतीनं आमची दोन पानं टाकीपाशीच आणून दिली. भाईंनी पाय न काढता खाल्ला.

ज्योत्स्ना


९ ऑक्टोबर २००५

साक्षीचे पप्पा,

जयभीम.

दुसरं काही म्हणून बघितलं, जमलं नाही. हेच राहू द्या.

तुमची चूक नव्हती असं मी लिहिणार नाही. तुम्हालाही ते पटणार नाही. मी तीच चूक केली, मुहूर्त गाठायला, जो मी मानत नाही. माझ्या वेळी अकबरभाई पाय आडवे टाकून बसले. तुमच्या वेळी कोणी बसलं नव्हतं. दीड वर्षं तुम्ही त्यांचं नाव घेतलं नाहीत. मी विचारलं असतं तर घेतलं असतंत का, माहीत नाही. मी विचारलं नव्हतं.

मागच्या तीन आठवड्यांत मी इथल्या स्लॅबला पाणी मारलं. वर मातीची आळी करून पाणी कोंडायचं असतं, तसं केलं, तुम्ही किल्लारीला केलं होतंत तसं. पाणी टाकीतूनच काढावं लागतं. पहिल्या दिवशी बादली टाकली आणि दोरी हातात धरून उभी राहिले. खाली आकाश दिसत होतं आणि माझं डोकं. मग ओढली. दुसऱ्या दिवशी नुसती ओढली.

आमची तिकिटं २६ तारखेची आहेत. तुम्ही विचारलं होतंत त्याचं उत्तर असं.

गज ब्रशनं घासून घ्या, गंज सैल असेल तेवढाच काढा. खांबांची डोकी तपासा, पाणी मुरलं असेल तर वरचा भाग फोडून पुन्हा भरा. फळ्या मोजून आणा आणि पाच-सहा जास्तीच्या आणा. सेंट्रिंग अकबरभाईच बांधतील, मी त्यांना विचारलं. ते आधी नको म्हणाले. मग म्हणाले, "रुपेशभाऊ उबं ऱ्हानार असतील तर बांधतो."

टाकी बुजवू नका. कुशाबा म्हणतील, बुजवा. पाणी लागणार आहे. मंचरच्या वेल्डरकडून लोखंडी झाकण करून घ्या, बिजागरीचं, जड नको, पण फळीसारखं काढून नेता येणार नाही असं. कडी ठेवा. पाटी लावायची नाही, हे तसंच.

आत्यांना सांगा, मी येतेय. बाजरी दळून ठेवायला सांगा, अकबरभाई पहिल्या दिवशी आपल्याकडेच जेवतील.

स्टँडवर घ्यायला या. मी हाक मारीन तेव्हा वळा.

स्लॅब टाका. आम्ही आल्यावर लगेच झाला तरी चालेल, महिन्यानं झाला तरी चालेल. पाणी मी मारीन.

ज्योत्स्ना